वेकबोटीचा आवाज कमी करायचाय: मागे सायलेन्सर लावू की एक्झॉस्ट पाण्याखाली नेऊ?

तळेकाठ

नमस्कार मंडळी,

बोटीवाल्यांचा सल्ला हवा आहे. आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियात राहतो. उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी बोट ट्रेलरवर घालून सॅक्रामेंटो–सॅन वाकीन डेल्टात जातो. बोट जुनी घेतलेली आहे. २१ फुटी वेकबोट (मागे मोठी लाट उठवणारी, त्या लाटेवर सर्फ करता येतं अशी), व्ही-ड्राइव्ह, ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, २००५ सालचं, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर येण्याआधीचं. इंजिनाबद्दल काही तक्रार नाही. तक्रार आवाजाची आहे. एक्झॉस्टची दोन तोंडं ट्रान्सममधून, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट भिंतीतून, सरळ मागे, स्विम प्लॅटफॉर्मच्या (पाण्यात उतरायच्या फळीच्या) खाली, पाण्याच्या जरा वर उघडतात. बोट नुसती आयडलवर उभी असली तरी मागच्या सीटवर बसून बोलता येत नाही.

डेल्टा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ते एक मोठं तळं नाही. नद्यांचे अरुंद फाटे, दोन्हीकडे मातीचे बांध, आत शेतं, आणि काही फाट्यांना बांधाला लागूनच घरं नि त्यांचे धक्के. सर्फिंगला सकाळची वेळ उत्तम, कारण वारा पडलेला असतो आणि पाणी सपाट मिळतं. पण आवाजही नेमका तेव्हाच लांब जातो. मध्यंतरी एका धक्क्यावरच्या आजोबांनी हात करून आम्हाला थांबवलं. रागावले नाहीत. म्हणाले, बायको आजारी आहे, रात्रभर डोळा लागत नाही, पहाटे कुठे जरा झोप लागते. त्या फाट्यात आम्ही आता सकाळी जात नाही. पण एक फाटा सोडला की दुसऱ्या फाट्यात दुसरं कुणीतरी असणारच. त्यामुळे इलाज बोटीवरच करायचा आहे.

कायदाही आहेच. इथे १ जानेवारी १९९३ नंतर बनलेल्या इंजिनाला उभ्या बोटीच्या चाचणीत ८८ डेसिबलची मर्यादा आहे, त्याआधीच्याला ९०. चालत्या बोटीचा आवाज किनाऱ्यावर मोजला तर ७५ च्या वर जाता कामा नये.

वाचून दोन मार्ग दिसतात. एक, आतल्या होजमध्ये फायबरग्लासचा सायलेन्सर बसवायचा. दोन, फ्रेश एअर एक्झॉस्टसारखं बाहेरून लागणारं किट घ्यायचं, ज्यात ट्रान्समच्या तोंडांवर जोड देऊन पाइप खाली वळवतात आणि धूर पाण्याखाली, प्रॉपेलरच्या मागच्या झोतात सोडतात. इंजिनाला घुसमट होईल का? पाणी उलटं आत येईल का? कुणी स्वतः बसवलं आहे का?

जाता जाता, मुलगी सर्फ करून आली की डोकं दुखतं म्हणते. ते उन्हाने असावं, पण धुराचा वासही मागे येतो, म्हणून लिहिलं.

किनारा

माझं मत सायलेन्सरला. खाली लोंबणारे पाइप म्हणजे रॅम्पवर आपटायचं काम. शिवाय व्ही-८ चा घुमणारा आवाज ऐकायलाच लोक अशी बोट घेतात, तो पार घालवून काय मिळवणार? थोडा कमी करा, ८८ च्या आत आणा, झालं.

रानजाई

तळेकाठ, तुमच्या शेवटच्या ओळीवर मी थांबले. मी ॲरिझोनात इमर्जन्सी विभागात नर्स आहे. सर्फ करून आल्यावर मुलीचं डोकं दुखत असेल तर ऊन आहे असं गृहीत धरू नका. कार्बन मोनॉक्साइड आहे असं धरून चाला आणि ही बाब मिटेपर्यंत तिला बोटीच्या मागे सोडू नका. हे मी अगदी कळकळीने सांगते आहे.

पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो, आणि कन्व्हर्टर नसलेल्या जुन्या इंजिनाच्या धुरात तर फारच. त्याला रंग नाही, वास नाही. तुम्हाला येतो तो वास धुरातल्या इतर गोष्टींचा. वास आला नाही म्हणजे वायू नाही असं होत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते. माणूस समजतो ऊन लागलं, बोट लागली. त्यानंतर हातपाय साथ देईनासे होतात, आणि पाण्यात असलेल्या माणसाचे हातपाय गेले की तो बुडतो. बाहेर काढल्यावर सगळे म्हणतात, पोहता पोहता बुडाला.

आमच्या सीमेवरच्या लेक पॉवेलवर २००० सालच्या ऑगस्टमध्ये ८ आणि ११ वर्षांचे दोन सख्खे भाऊ हाउसबोटीच्या मागे असेच गेले. जनरेटरचा धूर स्विम प्लॅटफॉर्मखालच्या पोकळीत साठत होता आणि मुलं तिथे पोहत होती. त्यानंतर सरकारी संस्थांनी बोटींच्या मागे वायू मोजला आणि हा किती जुना नि किती दुर्लक्षित प्रश्न आहे ते समोर आलं. कॅलिफोर्नियात २००५ पासून इंजिन चालू असताना स्विम प्लॅटफॉर्मला किंवा शिडीला धरून राहण्यावर बंदी आहे ती याच कारणाने.

आणखी एक. घरातला पल्स ऑक्सिमीटर बोटाला लावून ‘९८ आहे, ठीक आहे’ असं म्हणू नका. साधं यंत्र कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनलाही ऑक्सिजनवालंच समजतं. खात्री रक्ताच्या तपासणीनेच होते, आणि तीही लवकर केली तर, कारण मोकळ्या हवेत चार-पाच तासांत निम्मा वायू निघून जातो.

किनारा, तुमचा प्रश्न रास्त आहे, पण सायलेन्सर लावून धूर आहे तिथेच सुटणार. मागच्या मुलीसाठी काहीच बदलत नाही.

तळेकाठ

ताई, मनापासून आभार. मुलीशी बोललो. ती म्हणाली की डोकं सर्फ केल्यावर जास्त दुखतं, नुसती पुढे बसली तर कधीच नाही. ऊन दोन्हीकडे सारखंच असतं. मागे कुणालाही सोडणं बंद केलं आहे. आता आवाजाइतकंच हेही महत्त्वाचं झालं आहे.

वंगण

रानजाई यांनी जे लिहिलं ते या धाग्यातलं सर्वांत मोलाचं आहे. मी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होतो, आता लहान बोटींची कामं करतो. तांत्रिक बाजू मी सांगतो, जरा सविस्तर.

तुमच्या बोटीचा एक्झॉस्ट ओला आहे. इंजिन थंड करून आलेलं पाणी रायझरच्या (धूर आधी वर चढवणाऱ्या पाइपाच्या) पुढे एल्बोत, म्हणजे वाकलेल्या जोडात, धुरात सोडतात. त्यामुळे धूर रबरी होज सोसेल इतका थंड होतो आणि आवाजही थोडा मरतो. उरतो तो व्ही-८ चा खालच्या पट्टीतला धडधडाट. खालच्या पट्टीचा आवाज हवेत लवकर विरत नाही आणि छोट्या सायलेन्सरला तो पुरता आवरतही नाही. त्यात सकाळी पाण्यालगतची हवा गार आणि वरची उबदार असते. अशा वेळी वर जाणारा आवाज वाकून परत खाली येतो आणि पाण्यावरून सरकत लांबवर पोचतो. तुमच्या आजोबांना म्हणूनच पहाटेची बोट दुपारच्या बोटीपेक्षा जवळ वाटते.

तोंड पाण्याखाली नेलं की चित्र बदलतं. पाण्यात शिरलेला आवाज पुन्हा हवेत यायला बघतो तेव्हा पाणी-हवेच्या सीमेवरून त्यातला बहुतेक परत फिरतो. बुडबुड्यांबरोबर थोडा वर येतो, तेवढाच. शिवाय प्रॉपेलरचा झोत धूर घेऊन मागे जातो. आता होतं काय, की बोट पुढे सरकताना तिच्या पाठीशी हवेची पोकळी तयार होते आणि प्लॅटफॉर्मखाली सोडलेला धूर त्या पोकळीत ओढला जाऊन पुन्हा बोटीत शिरतो. धूर पाण्यातून बराच मागे जाऊन वर आला तर हे पुष्कळ कमी होतं. कमी होतं, नाहीसं होत नाही. कार्बन मोनॉक्साइड पाण्यात फारसा विरघळत नाही, तो कुठेतरी वर येणारच. लाट धरून मागे उभा असलेला माणूस आणि आयडलवर उभी बोट, या दोन्ही वेळी काळजी कायम घ्यायची.

घुसमटीबद्दल. काचेच्या पेल्यात नळी घालून फुंकली तर नळी जितकी खोल तितका जोर लागतो, तसंच इंजिनाचं. तोंड पाण्याखाली ३० सेंटिमीटर असेल तर उभ्या बोटीत इंजिनाला सुमारे ३ किलोपास्कल, म्हणजे अर्ध्या पीएसआयपेक्षा थोडा कमी दाब जास्तीचा ढकलावा लागतो. वेग आला की तोंडाजवळून धावणारं पाणी उलट धूर ओढून घेतं, अर्थात तोंड मागच्या बाजूला तिरकं कापलेलं असेल तर. म्हणून तोंडाची दिशा अंदाजाने ठेवू नका. पाइपही इंजिनाच्या मापाचे घ्या. मूळ तोंडापेक्षा बारीक पाइप म्हणजे फुल थ्रॉटलला हमखास त्रास.

आणि अंदाजावर राहू नका, मोजा. एल्बोच्या पुढे, होजच्या सुरुवातीला दाब मोजायची जागा करून पारदर्शक नळी यू आकारात वाकवून लावायची, तिच्यात पाणी भरायचं आणि दोन्ही बाजूंच्या पातळीतलं अंतर फूटपट्टीने पाहायचं. ७० सेंटिमीटरचं अंतर म्हणजे १ पीएसआय. किट बसवण्याआधी एकदा, नंतर एकदा, दोन्ही वेळा फुल थ्रॉटलला. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा दिलेली असते, तिच्याशी ताडून पाहा.

खरी भीती पाणी उलटं येण्याची. सर्फिंगसाठी तुम्ही बॅलास्ट, म्हणजे बोट जड करायला टाक्यांत पाणी, भरता, वर चार माणसं मागे बसवता. मागची बाजू बसते आणि रायझर पाण्याच्या जवळ येतो. मॅन्युअलमध्ये रायझरच्या माथ्याची पाण्यापासून किमान उंची दिलेली असते. ती रिकाम्या बोटीत मोजून उपयोग नाही. बॅलास्ट पूर्ण भरा, सगळ्यांना नेहमीच्या जागी बसवा, इंजिन बंद करा आणि मग मोजा. उंची कमी भरली तर आधी रायझर उंच करा, किट नंतर. थ्रॉटल एकदम बंद केला की मागची लाट धावत येऊन ट्रान्समवर चढते, तेव्हा पाणी पाइपात शिरायला बघतं. म्हणून जुने फ्लॅपर, म्हणजे पाणी उलटं आत येऊ न देणारी तोंडावरची रबरी झापडं, काढून टाकू नका. रबर कडक झालं असेल तर बदला. एकदा पाणी सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टन ते दाबू शकत नाही, आणि मग कनेक्टिंग रॉड वाकतो.

सिंधुदुर्गी

वंगणकाका, वाचून बरं वाटलं. मी मालवणचा. आमच्याकडे ट्रॉलरचा एक्झॉस्ट सुका, उभ्या पुंगळीतून थेट वर. धूर वर जातो म्हणून मागच्या माणसाला त्रास कमी, पण तांडेलाचे कान वर्षानुवर्षं त्या आवाजाखाली. माझ्या वडिलांना आता फोनवरचं बोलणं नीट ऐकू येत नाही. डिझेलवाल्यांना हे पाण्याखालचं किट चालेल का?

वंगण

सुक्या पुंगळीला नाही. पाइपात पाणीच नाही, मग रबरी होज जळून जाईल. तुमच्याकडे उपाय म्हणजे पुंगळीत मोठ्या घेराचा औद्योगिक सायलेन्सर, त्यावर उष्णतारोधक गुंडाळी, आणि इंजिनघराच्या झाकणाला आतून जाड फोम. वडिलांच्या बाबतीत वाईट वाटलं. जे अजून त्या कामावर आहेत त्यांना कानावर लावायचे मफ घेऊन द्या, ते आजपासून करता येतं.

किनारा

रानजाई यांचं वाचल्यावर माझं मत बदललं. माझ्या स्टर्नड्राइव्ह बोटीला (इंजिन आत, प्रॉपेलरचा भाग ट्रान्समबाहेर) मूळ एक्झॉस्ट प्रॉपेलरच्या बोंडातून पाण्याखालीच जातो, पण आधीच्या मालकाने बटण दाबलं की ट्रान्सममधून मोकळा सुटेल अशी सोय करून ठेवली होती. ते आता कायमचं बंद करतो. फ्लोरिडात तर असल्या कटआउटना कायद्यानेच मनाई आहे, तिथे माझा भाऊ असतो.

तळेकाठ

काम झालं, म्हणून सविस्तर लिहितो. पुढे कुणाला उपयोग होईल.

आधी वंगणकाकांनी सांगितल्याप्रमाणे बॅलास्ट भरून, सगळ्यांना बसवून रायझरची उंची मोजली. मॅन्युअलच्या किमान आकड्याच्या वर होती, पण रिकाम्या बोटीत दिसते त्यापेक्षा बरीच कमी. ज्यांनी जास्तीच्या बॅलास्ट पिशव्या टाकल्या आहेत त्यांनी हे मोजल्याशिवाय पुढे जाऊच नये.

सगळ्यात जास्त वेळ ट्रान्समला भोकं पाडण्यात गेला, आणि जायलाच हवा. ब्रॅकेटचे स्क्रू पाण्याच्या रेषेखाली येतात. आतून टॉर्च लावून तिथे वायर, पंप, बॅलास्टची नळी काही नाही ना ते पाहिलं. बाहेर मास्किंग टेप लावून खुणा केल्या. ड्रिल आधी उलटं फिरवून जेलकोट (फायबरग्लासवरचा कडक गुळगुळीत थर) घासून काढला, मग सरळ फिरवलं. असं केलं की जेलकोटला तडे जात नाहीत. भोकाचं तोंड काउंटरसिंकने जरा रुंद केलं, नाहीतर स्क्रू आवळताना तिथूनच तडा निघतो. बाहेर पडणारा भुसा बघत होतो. कोरडा नि फिकट निघाला म्हणजे आतलं लाकूड ठीक. ओलसर काळपट निघाला असता तर काम तिथेच थांबवून आधी ट्रान्सम दुरुस्त करावा लागला असता. आत इपॉक्सी फिरवलं, वाळल्यावर पुन्हा ड्रिल करून ३एम कंपनीचं ४२०० नावाचं सीलंट भरून स्क्रू बसवले. ५२०० वापरू नका, ते जन्माचं चिकटतं. उद्या ब्रॅकेट काढायची वेळ आली तर जेलकोट घेऊनच निघेल.

जोडाला मरीन एक्झॉस्टसाठीचाच होज घेतला, ज्यावर एसएई जे२००६ छापलेलं असतं. प्रत्येक टोकाला ३१६ स्टेनलेसचे दोन-दोन टी-बोल्ट क्लॅम्प. स्विम प्लॅटफॉर्मचे पाय मध्ये येत होते, पाइप जरा फिरवून घ्यावे लागले. किनारा यांची रॅम्पची शंका योग्य होती. बोट ट्रेलरवर ठेवूनच पाइपाखालचं अंतर पाहिलं, आमच्या बोटीत पाइप प्रॉपेलरच्या पातळीच्या वरच राहतो. तुमच्या बोटीत नसेलही, तेव्हा आधी पाहा.

नळीचा मॅनोमीटर लावला. फुल थ्रॉटलला आधीच्या नि नंतरच्या आकड्यात किंचित वाढ आहे, मॅन्युअलच्या मर्यादेच्या खूप आत. वरचा वेग होता तेवढाच आहे. होजवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरून तापमान पाहिलं, कुठेही जास्त गरम नाही.

आता आवाज. चालत्या बोटीत मागच्या सीटवर बसून साध्या आवाजात बोलता येतं. फोनवरचं ॲप प्रमाणित नसतं, म्हणून त्याचा आकडा देत नाही. पण एकाच फोनवर, एकाच धक्क्यावरून, आधी नि नंतर मोजलं तर फरक ठळक आहे. आयडलला तर बुडबुडेच ऐकू येतात. गंमत म्हणजे आता इंजिनाचा स्वतःचा आवाज ऐकू येऊ लागला आहे, पूर्वी तो एक्झॉस्टमध्ये दबलेला होता. झाकणाला आतून मध्ये जड थर असलेला फोम लावला, कडांची रबरपट्टी बदलली, तेव्हा तोही उतरला. नुसत्या हलक्या स्पंजने खालच्या पट्टीचा आवाज अडत नाही.

मागे धुराचा वास जवळपास गेला आहे. तरी मागच्या सीटजवळ मरीन प्रकारचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म बसवला आहे, सर्फ करणाऱ्याला मध्ये मध्ये पुढे बोलावतो, आणि कुणी पाण्यात उतरणार किंवा चढणार असेल तर इंजिन बंद म्हणजे बंद. मुलीचं डोकं दुखलेलं नाही.

रानजाई

शेवटचं वाक्य वाचून फार बरं वाटलं. अलार्मची मुदत त्याच्या मागे छापलेली असते. ती संपली की बॅटरी बदलून भागत नाही, अलार्मच बदलावा लागतो. आणि सोबत शेजारी-मित्रांची मुलं असतील तर त्यांच्या आईवडिलांनाही हे सांगा.

नवाकोरा

उशिरा विचारतो. माझी बोट २०१४ ची आहे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेली. मलाही किट लावायचं आहे. चालेल?

वंगण

देशभर २०१० च्या मॉडेलपासून स्टर्नड्राइव्ह आणि इनबोर्ड पेट्रोल इंजिनांना कन्व्हर्टर आले, कॅलिफोर्नियात त्याआधीच. त्यामुळे तुमच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड मुळात बराच कमी आहे, पण इंजिन गार असताना कन्व्हर्टर काम करत नाही, म्हणजे धक्क्यावर सुरू केल्या केल्या तो तितकाच असतो. किट ट्रान्समच्या बाहेर लागतं म्हणून लावता येतं, मात्र दोन गोष्टी. कन्व्हर्टर आणि त्याच्या आधीच्या भागाला हात लावायचा नाही, तो इंजिनाच्या प्रमाणपत्राचा भाग आहे. दाब मोजायचा तोही कन्व्हर्टर आणि पाण्याच्या एल्बोच्या पुढेच, ऑक्सिजन सेन्सरची जागा उघडायची नाही. आणि तुमच्याकडे पाणी उलटं येणं जास्त महागात पडतं, कारण तापलेल्या कन्व्हर्टरवर पाणी उडालं तर आतली जाळी तडकते आणि सेन्सरही जातो. म्हणून तुम्ही रायझरची उंची आणि फ्लॅपर आधी पाहा. बॅलास्ट किती भरता?

नवाकोरा

मूळ टाक्या आणि मागे दोन जास्तीच्या पिशव्या. भरून, माणसं बसवून उंची मोजतो आणि मॅन्युअलमधल्या आकड्यासकट इथे टाकतो. तोवर किट मागवत नाही.